धाकट्याचा विस्तव

१४ ऑक्टोबर १९९२

ओचिर,

शरद सुखाने चालला आहे ना? आमचा सुखाने चालला आहे. आई सुखाने आहे, शेजारीपाजारी सुखाने आहेत. गुरंढोरं आता आपली नाहीत, पण ज्यांची आहेत त्यांची धष्टपुष्ट आहेत.

रीत म्हणून एवढं आधी लिहिलं. आता बाकीचं लिहितो.

हे पत्र इर्कुत्स्कला कातडी घेऊन जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ देतो आहे. तुझ्या दारापर्यंत जाईन असं तो म्हणाला. मागची पत्रं तुला मिळाली की नाही, ठाऊक नाही. मिळूनही तू उत्तर दिलं नसशील, तरी मी दोष टपालालाच देतो. आईलाही तसंच सांगतो.

काल वीजघराच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना जेवणघरात बोलावलं. टोपी हातात धरून उभे होते. म्हणाले, खाणीवर डिझेल नाही, सुटे भाग नाहीत, रशियन लोक गेले ते गेलेच. नव्या वर्षाचा पांढरा महिना कसाबसा पार पाडू आणि मग बंद. एवढ्या मोठ्या बातमीनंतर लोक सूप प्यायला बसले, आणि चमच्यांचा आवाज तेवढा येत राहिला.

चार बॉयलरांपैकी पहिला आम्ही सुट्या भागांसाठी केव्हाच पोखरला. दुसरा तडकला. चौथ्यात कबुतरं राहतात. एकटा तिसरा जळतो आहे. शहराची वीज त्यातूनच आणि घराघरांतली ऊबही त्यातूनच.

तेव्हा तू ये. बंद होण्याआधी ये. बापाची चूल धाकट्याची, म्हणून विस्तव तुझा आहे, आणि तो धाकट्यानेच आपल्या हाताने उचलायचा असतो. मी थोरला. मला माझ्या वाट्याचा घोडा मिळाला, खोगीर मिळालं. चूल मला मिळालेली नाही.

तू म्हणशील, यंत्र बंद होतंय तर होऊ दे, त्यात माझं काय? म्हणून पुन्हा एकदा लिहितो. तू तेव्हा दहा वर्षांचा होतास आणि ऐन वेळी बाबांच्या डगल्यात झोपून गेला होतास.

उद्घाटनाला राजधानीहून पाहुणे आले होते. लाल फीत होती, बँड होता. पाहुण्यांनी पेटती मशाल भट्टीत टाकली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि सगळे जेवायला गेले. मग मशाल विझली. कोळसा ओला होता. पावेल इग्नातिच, ज्याने वीजघर उभारलं तो, तेल ओतून पुन्हा पुन्हा पेटवत राहिला आणि दर वेळी नवी शिवी देत राहिला. बाबा तिथे चौकीदार होते. आपला गेर, तो नमद्याचा गोल तंबू, नदीपलीकडे होता. बाबा घरी गेले आणि चुलीतले निखारे कढईत भरून घेऊन आले.

आपल्यात घरचा विस्तव बाहेर देत नाहीत. दिला की घराचं भाग्य त्याच्या मागोमाग जातं. आई कढईमागून रडत चालली होती. ‘अहो, परक्याच्या चुलीत घालताय?’ असं ती म्हणत होती. बाबा म्हणाले, ‘परक्याच्या कुठे? ह्या पोराच्या.’ कारण त्याच उन्हाळ्यात पावेल इग्नातिच तुला खांद्यावर घेऊन म्हणाला होता, ‘हा शिकून येईल आणि माझ्या खुर्चीत बसेल.’ तो माणूस थट्टेत बोलला असेल. बाबांनी तो शब्द म्हणून धरला.

बाबांनी अर्धा विस्तव दिला नाही. चूल पार रिकामी केली, गेर मोडून बांधून ठेवला, आणि आपण सगळे विस्तवाच्या मागोमाग वीजघराच्या नव्या इमारतीत राहायला आलो. तेव्हापासून आपल्या घरात चूल नाही. भिंतीला गरम पाण्याचा रेडिएटर आहे, त्यालाच आई चूल मानते. सकाळच्या चहाचा पहिला चमचा त्याला, मेंढीच्या शेपटाच्या चरबीचा पहिला तुकडा त्याला. सुट्टीत घरी आलास की तू हसायचास. ‘आई, त्यात पाणी असतं, आग नसते.’ ती म्हणायची, ‘त्या पाण्याला ऊब कुणी दिली ते तुझ्या बापाला विचार.’

तेव्हापासून तो विस्तव विझलेला नाही. एक बॉयलर दुरुस्तीला उघडायचा, तर त्याआधी त्यातले निखारे घमेल्यांनी दुसऱ्यात नेऊन टाकायचे. काडी लावायची नाही. कुठल्याच नियमात हे लिहिलेलं नव्हतं, पण पक्षाचे सभासद असलेले फोरमनसुद्धा ते पाळायचे आणि वर म्हणायचे, काड्या वाचतात.

बाबा गेले तेव्हा जे झालं ते मी उगाळत नाही. तू उशिरा आलास. तिकडेच राहणार, लीदाशी लग्न करणार, असं म्हणालास. बाबांनी घरचा विस्तव लोखंडाला खाऊ घातला त्यात माझा काय दोष, असंही म्हणालास. आणि आईने दिलेला चहा ओठाला न लावता उठलास. तो वाडगा आईने दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. फडताळात निळ्या रेशमी रुमालात गुंडाळून ठेवला आहे.

लीदाला आशीर्वाद.

सोदनोम


२२ नोव्हेंबर

ओचिर,

हिवाळा सुखाने काढतोयस ना? आम्ही सुखाने काढतोय.

खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरू लागलं आहे. आई म्हणते, पडदा धुवायचा त्रास वाचला. रेडिएटर कोमट असतो. ती सकाळी त्यावर दोन्ही तळवे ठेवते, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावेत तसे, आणि मग चहाचा चमचा वाहते.

खाणीतून येणाऱ्या कोळशात माती जास्त. म्हणून मिळेल ते घालतो. जुने रेल्वेचे स्लीपर झाले, आवाराचं लाकडी कुंपण झालं. मागच्या आठवड्यात सभागृहातले बाक फोडले. म्हातारे मगसर-ग्वाइ अजून भट्टीवर आहेत. तुला लहानपणी उचलून भट्टीच्या काचेतून आग दाखवायचे, तेच. बाकाची एकेक फळी आत सरकवताना म्हणाले, ‘ह्याच्यावर बसून मी पंधरा वर्षं भाषणं ऐकली. ढुंगण गारठून जायचं. आज पहिल्यांदा ऊब देतंय बघ.’

बॉयलरच्या पाण्यासाठी लागणारं मीठ तुमच्या बाजूने यायचं, ते बंद झालं. त्यावाचून पाणी मऊ होत नाही आणि नळ्यांना आतून चुना धरतो, हे तुला मी काय सांगणार. आम्ही खाऱ्या तळ्यावरून पोती भरून आणतो, मातीसकट. मगसर-ग्वाइ म्हणाले, ‘बरं झालं. बॉयलर आपल्यातला झाला. खारा चहा प्यायला लागला.’

खंदा पाण्याचं बघते. तिला हसू आलं नाही. ‘पितो खरा, ग्वाइ, पण त्याला पचत नाही.’ दुसऱ्या बॉयलरची कापलेली नळी तिने माझ्या हातात दिली. आत चुन्याचा एवढा जाड थर की करंगळी जेमतेम जात होती. तिने विचारलं, ‘तिसऱ्यात ह्याहून बरं असेल असं वाटतं तुम्हाला?’ मी नळी खिशात घातली. का घातली, कुणास ठाऊक. अजून खिशातच आहे.

एक चांगली गोष्ट लिहायची राहिली. देवळात पुन्हा शंख वाजतो. म्हातारे लामा, जे इतकी वर्षं सुतार आणि मेंढपाळ म्हणून जगले, ते परत लाल वस्त्रं घालून बसतात. पूर्वी मी कामाची पाळी सुरू होताना बाहीत लपवलेल्या बाटलीतून दुधाचे चार थेंब भट्टीच्या दारावर शिंपडायचो, कुणी बघत नाही ना, हे बघून. आता सगळ्यांदेखत शिंपडता येतं. दूधच मिळत नाही.

दोन नंबरच्या इमारतीतल्या लोकांनी अंगणात गेर उभारले आहेत. वर तीन मजले रिकामे आणि खाली नमद्याचे गोल तंबू, त्यांच्या धुराड्यांतून गोवऱ्यांचा धूर. बाबा असते तर हसले असते. ज्या थंडीला भिऊन आपण गेरमधून इमारतीत आलो, त्याच थंडीला भिऊन आता लोक इमारतीतून गेरमध्ये चालले आहेत.

आई रोज विचारते, ट्रक परत आला का? आला. ट्रकवाला म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू त्याला बसवून जेवू घातलंस, आणि उत्तर मागितलं तर ‘बघतो’ म्हणालास. जेवू घातलंस हे मी आईला दोनदा सांगितलं.

सोदनोम


३० डिसेंबर

ओचिर,

हिवाळा सुखाने काढतोयस ना? आम्ही सुखाने काढतोय.

काल तुझा आवाज ऐकला. घरी येऊन मी आधी देवापुढे दिवा लावला. दुलमाने फार खटपट केली म्हणून फोन लागला. टपाल कार्यालयात तीच असते. तुला कळलं नसेल, पण तिथे पोस्टकार्ड घ्यायला आलेली सगळी माणसं थांबून ऐकत होती. तिथे निदान लोखंडी शेगडी आहे, म्हणून कुणी लवकर निघत नाही; फोनची काचेची खोली मात्र गारठलेली असते.

दुलमा ओरडली, ‘सोदनोम-ग्वाइ, लागला! मोठ्याने बोला, पण रिसीव्हरला ओठ लावू नका, चिकटतील!’

‘ओचिर, हिवाळा सुखाने काढतोयस ना?’

‘सुखाने, दादा. तुम्ही?’

‘सुखाने. लीदा?’

‘सुखाने. आई?’

‘सुखाने आहे.’

‘अहो ग्वाइ,’ दुलमा आतून म्हणाली, ‘मिनिटं पळतायत! सुख पत्रात लिहा!’ सगळे हसले. तूही तिकडे हसलास, ते मला ऐकू आलं. पाच वर्षांनी ऐकलं.

मग तू म्हणालास, ‘दादा, आता खरं सांग.’ आणि मी सांगितलं. तिसरा एकटा चालू आहे, तळ्याचं मीठ घालतो, दाब टिकत नाही. तू एकदम साहेबासारखा विचारू लागलास, पाणी तपासता का, नळ्या कुठे फुगल्यात का. मी उत्तरं देत होतो आणि मनात म्हणत होतो, बाबा, ऐका, तुमचा धाकटा पावेल इग्नातिचच्या खुर्चीत बसलाय.

तू म्हणालास, ‘दादा, नळ्या जळत आल्या असतील. कधीही फुटतील. थंडीचा कडाका पडायच्या आत बंद करा. सगळं पाणी काढून टाका, नाहीतर शहरातल्या पाइपांमध्ये बर्फ होऊन सगळे फुटतील. लोकांना आत्ताच गेरमध्ये हलवा.’

मी विचारलं, ‘आणि विस्तव?’

तू काहीतरी म्हणालास. पण तेवढ्यात लाईन तुटली. नुसती खरखर झाली. काही ऐकू आलं नाही.

आईला सांगितलं, तो येतो असंच म्हणत असावा, पण तेवढ्यात लाईन गेली. तिने फडताळातून तुझा वाडगा काढला, पुसला, आणि पुन्हा रुमालात गुंडाळून ठेवला.

तू बंद करायला सांगितलंस ते मी साहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, ‘भर हिवाळ्यात मी माझ्या हाताने शहर गार करू? तू करशील?’ मी म्हटलं, नाही.

तेव्हा ये. पांढऱ्या महिन्याआधी अग्नीची पूजा असते, त्या दिवसापर्यंत ये.

सोदनोम


२१ जानेवारी १९९३

ओचिर,

हिवाळा सुखाने काढतोयस ना? आम्ही सुखाने काढतोय.

थोडंच लिहितो, शाई गोठते आहे. बाबांचा बांधून ठेवलेला गेर उघडून अंगणात उभारला. नमदा कसरीने खाल्ला आहे, पण चौकट धड आहे. मधोमध जुनी लोखंडी चूल ठेवली. ती रिकामी आहे. आम्ही अजून वरच राहतो. आई दिवसातून एकदा खाली जाऊन चुलीवरची धूळ पुसून येते.

वीजघरात मला सगळे एकच सांगतात. मगसर-ग्वाइ तर रोज.

‘सोदनोम, घमेलं भर आणि घरी ने.’

‘माझा नाही, ग्वाइ.’

‘मग कुणाचा? माझा?’

‘ओचिर येणार आहे.’

‘असं?’ ते म्हणाले. ‘अरे, तू हात लावत नाहीस म्हणून कुणीच लावत नाही. तुझ्या बापाचा विस्तव. तू एक घमेलं नेलंस की आम्हीही आपापल्या चुलीपुरता नेऊ. थंडीला थोरला-धाकटा कळतो होय?’

‘तो फोनवर म्हणाला.’

त्यांनी फावडं टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं. ‘दुलमा माझी सून आहे, बरं का,’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा कोळसा ओढू लागले.

तसं का म्हणाले, कोण जाणे.

भट्टीच्या काचेतून बघितलं तर डाव्या भिंतीवरच्या दोन नळ्या फुगल्या आहेत. खंदा म्हणते, तीन. तू इथे असतास तर नक्की किती ते कळलं असतं. मी पाळीवर असताना ओम मणि पद्मे हुम म्हणत त्या भिंतीकडेच बघत असतो. पूर्वी आगीकडे बघायचो.

ये.

सोदनोम


१७ फेब्रुवारी

ओचिर,

अग्नीच्या पूजेची सगळी तयारी झाली होती. वीजघरात पहिल्यांदाच उघडपणे होणार होती. मेंढीच्या छातीचं हाड, त्यावर चरबी, पाच रंगांचे धागे गुंडाळून, सगळं ताटात घालून तिसऱ्यासमोर ठेवलेलं होतं. लामा दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मीही मनाशी ठरवलं होतं. तोवर तू आला नाहीस, तर पूजा झाल्यावर घमेलं मी भरणार होतो. तुझ्या नावाने भरणार होतो. खरंच ठरवलं होतं. पण हे मी कुणाला बोललो नव्हतो, आणि आता ते लिहून काय उपयोग.

आदल्या दिवशी दुपारी नळी फुटली.

आवाज म्हणशील तर नदीवरचं बर्फ वसंतात तडकतं तसा. मग वाफ. सगळं पांढरं. मी पंपाजवळ होतो. भट्टीच्या दाराशी जे होते, आपले सगळ्यांत जुने, ज्यांनी तुला उचलून काचेतून आग दाखवली, त्यांच्यावर दार उघडून आलं. गेलेल्याचं नाव घेऊ नये, म्हणून त्यांचं नाव आता घेत नाही. दोन दिवस इस्पितळात होते. तिथेही रेडिएटर गार पडला होता. शुद्धीवर आले तेव्हा दुलमाला म्हणाले, ‘आयुष्यभर घामाघूम झालो, आता जरा गारव्यात पडतो.’ ती मला हे सांगताना हसली आणि मग हसायची थांबेना.

वाफ निवळल्यावर मी आत बघितलं. आपल्यात चुलीवर पाण्याचा थेंब सांडला तरी माणूस हात जोडतो. भट्टीत घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यात काळा चिखल. मी फावड्याने चाळलं. खंदा ओरडत होती, ‘ग्वाइ, बाहेर या, अजून एक फुटेल!’ तरी चाळलं. कोपऱ्यात, जाळीच्या मागे, हाताने चाळलं. एक निखारा मिळाला असता तरी पुरला असता. तळहाताएवढा, बोटाएवढा.

नव्हता.

दिवे तेव्हाच गेले. पाइपांतलं पाणी काढायला खंदा आणि तिची माणसं धावली, पण उणे अडतीसमध्ये किती धावणार. संध्याकाळपर्यंत इमारतींच्या भिंतींवरून बर्फाचे ओघळ उतरले, तिसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत. जिने बर्फाने भरले. लोक खिडक्यांतून गाद्या आणि आजीआजोबा खाली सोडत होते. आता रोज कुणीतरी गाडी लादून नातलगांकडे गवताळ रानात निघून जातं. साहेब राजधानीला गेले, पुन्हा येतो म्हणाले.

ओचिर, लाईन तुटली नव्हती.

तू म्हणालास, ‘दादा, विस्तव तू घरी ने. आजच ने. मी तो तुला दिला. मी येणार नाही, माझी वाट बघू नका.’ मी सगळं ऐकलं. मीच रिसीव्हर खाली ठेवला. दुलमा काचेच्या पलीकडून बघत होती. तिने तिथल्या माणसांना सांगितलं, लाईन गेली. माझी लाज राखायला ती खोटं बोलली, आणि घरी सासऱ्यांना खरं सांगितलं. तिचे सासरे मला रोज घमेलं भर म्हणत होते, ते सगळं ठाऊक असून.

मी तेव्हाच उचलला असता, तर तू येणार नाहीस हे पक्कं झालं असतं. तो तिथे पेटत होता तोवर तुझी जागा राखलेली होती. माझा हिशोब एवढाच होता. तू शास्त्र शिकलास, तुला हा वेडेपणा वाटेल. आपल्या पाळीवर एकालाही वेडेपणा वाटला नाही. सगळे माझ्यासाठी थांबले. कुणीच आपल्या चुलीपुरता नेला नाही.

लामांना विचारलं, ह्याला प्रायश्चित्त काय? म्हाताऱ्याने बराच वेळ माळ ओढली. म्हणाले, ‘चूल पेटव. म्हातारी गारठेल.’

आई सध्या शेजारच्यांच्या गेरमध्ये निजते. तिला काय सांगू, हे मला अजून कळलेलं नाही.

सोदनोम


२३ फेब्रुवारी, पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस

ओचिर,

वर्ष सुखाने पालटलं ना? आमचं सुखाने पालटलं.

पत्रासोबत ट्रकवाल्याजवळ एक पुडकं देतो आहे. ते आदळू देऊ नको असं त्याला बजावलं आहे, तरी उघडताना जपून उघड.

आम्ही बाबांच्या गेरमध्ये राहायला आलो. वीजघर बंद पडलं हे आईला ठाऊक आहे, दुलमाचे सासरे गेले हेही ठाऊक आहे. पाणी भट्टीत शिरलं, हे मी सांगितलं नव्हतं. स्फोटाआधी मी घमेलं भरून बाहेर काढलं होतं आणि खंदाच्या चुलीत राखलं होतं असं सांगितलं. खंदाला तसंच सांगायला लावलं. मग दुलमाकडून काडेपेटी मागून आणली. सासऱ्यांचीच असावी, तंबाखूचा वास होता तिला. आई झोपेत असताना मी चुलीत गोवऱ्या रचल्या आणि काडी ओढली. आपल्या चुलीला काडी लावताना मी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. पहिली विझली. दुसरी लागली. किती सोपं असतं ते.

आई उठली. चुलीजवळ बसून तिने दोन्ही तळवे पुढे केले, रेडिएटरवर ठेवायची तसे. ‘उबदार आहे,’ म्हणाली. काल-परवाचे दिवस तसेच गेले. ती चुलीशी बसे, उबदार आहे म्हणे, आणि मी दुसरीकडे बघे.

आज नव्या वर्षाची पहाट. तिने चहा केला, पहिला चमचा घेऊन बाहेर गेली आणि चारी दिशांना शिंपडून आली. अंगणात आता आठच गेर उरले आहेत, बाकीचे गेले. मी तिच्या हातांखाली हात धरून नमस्कार केला. ती रीतीप्रमाणे माझ्या गालाचा वास घेऊन म्हणाली, ‘ओचिरला पत्र लिहिलंस?’

‘आज लिहितोय.’

‘काय लिहितोस रे त्याला?’

‘सुखाने आहोत असं लिहितो.’

‘दर वेळी?’

‘आधी तेच लिहायचं असतं, आई. रीत आहे.’

‘हो. रीत आहे.’ तिने सुरी घेतली आणि शेपटाच्या चरबीचा पहिला तुकडा कापला. ‘सगळे सुखाने आहेत म्हटल्यावर तो कशाला येईल?’

चरबीचा तुकडा दोन बोटांत धरून ती चुलीसमोर बसली. चुलीचं दार उघडं होतं, आग चांगली लागली होती. तिच्या बोटांवरून चरबी वितळून मनगटापर्यंत आली. ती आगीकडे बघत होती. गर्दीत एखाद्याने हाक मारावी आणि तो कोण ते आठवू नये, तसं.

मग तो तुकडा आगीला न वाहता तिने माझ्या वाडग्यात टाकला.

‘खा,’ म्हणाली. ‘दमलायस.’

मी खाल्ला.

तिने उठून फडताळ उघडलं, तुझा वाडगा काढला, निळ्या रुमालासकट माझ्या कामावरच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळला आणि दोरीने घट्ट बांधला. गाठ दातांनी आवळली. पुडकं माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘त्याचा त्याच्याकडे असू दे. ट्रक कधी निघतोय?’

सोदनोम